पदवीच्या पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र : या चुका टाळा

बारावीच्या तयारीमुळे व्याख्या बहुतेकांना पाठ असतात, तरीही पहिल्या वर्षाच्या लेखी परीक्षेत आणि प्रात्यक्षिकात ठरावीक जागी गुण जातात. त्या जागा पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते : पदार्थ कोठून आला, किती होता आणि कोठे गेला, हा हिशेब विद्यार्थ्याने मध्येच सोडून दिलेला असतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण पेशीविभाजनाचे आहे. मानवी कायिक पेशीत 46 गुणसूत्रे असतात आणि विभाजनापूर्वीच्या एस टप्प्यात डीएनए दुप्पट होतो, म्हणून गुणसूत्रेही 92 झाली असे सर्रास लिहिले जाते. गुणसूत्रे मोजताना सेंट्रोमिअर (गुणसूत्राच्या दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात ती जागा) मोजावेत, म्हणजे ही चूक होत नाही. एस टप्प्यानंतर गुणसूत्रे 46 च राहतात; फक्त प्रत्येकाला दोन क्रोमॅटिड, म्हणजे दोन सारख्या प्रती, असतात. समविभाजनाच्या अ‍ॅनाफेजमध्ये हे क्रोमॅटिड विलग होतात, तेव्हा पेशी दुभंगेपर्यंत तिच्यात 92 गुणसूत्रे असतात. जननपेशी बनवणाऱ्या अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या फेरीत मात्र क्रोमॅटिड विलग होत नाहीत, समजात जोड्या (आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या एकाच प्रकारच्या गुणसूत्रांच्या जोड्या) विलग होतात, आणि गुणसूत्रांची संख्या निम्मी होते ती याच फेरीत. वहीत गुणसूत्रांचा एक आणि डीएनएचा एक असे दोन स्तंभ आखावेत (सी म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचातील, प्रत होण्यापूर्वीचा डीएनए) : एस टप्प्यापूर्वी 46 आणि 2 सी, नंतर 46 आणि 4 सी, अर्धसूत्रीच्या पहिल्या फेरीनंतर 23 आणि 2 सी, दुसऱ्या फेरीनंतर 23 आणि 1 सी. हे आकडे पाठ करण्यापेक्षा दोन-तीनदा स्वतः आकृती काढून मिळवलेले बरे.

कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर विभाजन होत असलेली एकही पेशी दिसली नाही, तर दोष बहुधा सूक्ष्मदर्शकाचा नसतो. विभाजन होते ते मुळाच्या टोकाजवळच्या दोन-तीन मिलिमीटर भागात. त्याच्या वरचा तुकडा घेतल्यास तेथे केवळ लांबट, वाढ पूर्ण झालेल्या पेशी मिळतात. पेशींचे थर एकमेकांवर चढलेले दिसत असतील, तर हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया अपुरी झाली असे समजावे, कारण पेशींना जोडून ठेवणारा पेक्टिनचा थर त्या आम्लाने सैल होतो. बहुसंख्य पेशी इंटरफेजमध्ये, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळात, दिसणे हा मात्र दोष नाही. आणि अर्धसूत्री विभाजन मुळाच्या टोकात शोधू नये. त्यासाठी कळीतील परागकोश लागतात.

परासरणाच्या (पेशीपटलातून पाणी आत-बाहेर जाण्याच्या) उदाहरणांत टक्केवारीची तुलना घात करते. मिठाचे 0.9 टक्के द्रावण आणि ग्लुकोजचे 5 टक्के द्रावण ही दोन्ही मानवी तांबड्या पेशींना जवळपास समपरासारी (पेशीतल्या द्रवाइतक्याच कणांची) असतात, हे अनेकांना पटत नाही. हिशेब सोपा आहे. मिठाचे 9 ग्रॅम एका लिटरमध्ये म्हणजे सुमारे 0.154 मोल, पण मिठाचे सोडिअम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होतात, म्हणून कणांचे प्रमाण सुमारे 0.308 मोल भरते. ग्लुकोज विरघळल्यावर अखंड राहते आणि त्याचे 50 ग्रॅम म्हणजे सुमारे 0.278 मोल. परासरण ठरते ते कणांच्या संख्येवर, वजनावर नव्हे. समपरासारी द्रावणात पाण्याची हालचाल थांबते असेही लिहू नये. पाणी दोन्ही दिशांना जात असते, निव्वळ बदल तेवढा शून्य असतो. वनस्पतीपेशी शुद्ध पाण्यात फुटत नाही, कारण पेशीभित्तिकेचा दाब आत येणाऱ्या पाण्याला आवर घालतो.

झाडाचे वजन मातीतून येते, हा समज शाळेपासून सोबत असतो. सतराव्या शतकात व्हान हेल्माँट यांनी विलोचे रोप पाच वर्षे कुंडीत वाढवले. झाड सुमारे 164 पौंडांनी वाढले आणि माती जेमतेम दोन औंसांनी घटली. त्यांनी सारे श्रेय पाण्याला दिले, तेही अपुरे होते : झाडाच्या कोरड्या वजनाचा मोठा भाग हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून आलेला असतो. बाहेर पडणारा ऑक्सिजन मात्र पाण्याचा असतो. वनस्पती दिवसा श्वसन करीत नाहीत हेही चूक आहे. त्या अहोरात्र श्वसन करतात.

आनुवंशिकतेत ‘प्रभावी म्हणजे समाजात अधिक आढळणारे’ असे गृहीत धरले जाते. ओ रक्तगट अप्रभावी असूनही सर्वत्र सापडतो, आणि अ‍ॅकॉन्ड्रोप्लेझिया हा बुटकेपणाचा प्रकार प्रभावी असूनही दुर्मीळ आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्याची तपासणी मोठ्या प्रमाणावर होते, त्या सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे उदाहरण आणखी बोलके आहे. वाहक व्यक्तीच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिनचे ए आणि एस हे दोन्ही प्रकार असतात आणि इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विद्युतप्रवाहाने प्रथिने वेगळी करणाऱ्या चाचणीत) दोन्हींचे पट्टे दिसतात. म्हणजे आजाराच्या पातळीवर ज्या अलीलला (जनुकाच्या रूपाला) अप्रभावी म्हणतात, तेच प्रथिनाच्या पातळीवर सहप्रभावी ठरते. त्यामुळे कोणत्या पातळीवरचे लक्षण पाहतो आहोत, हे उत्तरात आधी नोंदवावे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता एक चतुर्थांश असते; पहिली तीन मुले निरोगी जन्मली म्हणून चौथ्याची शक्यता वाढत नाही.

शेवटची चूक उत्क्रांतीची. ‘जंतूंना प्रतिजैविकाची सवय होते’ या वाक्याला परीक्षक गुण देत नाहीत, ते योग्यच आहे. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी 1952 मध्ये मखमली कापडाने एका तबकडीवरील जंतूंच्या वसाहतींचे ठसे दुसऱ्या तबकड्यांवर उमटवले आणि औषधाचा स्पर्शही न झालेल्या मूळ तबकडीवर प्रतिरोधी जंतू आधीपासून होते हे दाखवले. उत्तर लिहिताना म्हणून वाक्याचा कर्ता एकटा जंतू नसावा, जंतूंचा समुदाय असावा : त्यात उत्परिवर्तनाने भिन्नता आधी आली, औषधाने बाकीचे जंतू मारले आणि उरलेल्यांची संतती पुढच्या पिढीत बहुसंख्य झाली.