युद्ध चालू असताना सरकारने छापलेली पुस्तकं कशी वाचायची

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने लढाया चालू असतानाच सामान्य लोकांसाठी लष्करी पुस्तकं काढली, स्वस्त आणि खरंच छान लिहिलेली, आणि त्यातली बरीच आज स्कॅन होऊन फुकट मिळतात. पण सरळ इतिहास समजून वाचलीत तर फसाल.

शोधताना लेखकाच्या मागे लागू नका, बहुतेकांवर लेखकाचं नावच नसतं. १९४० मध्ये ब्रिटनवर जर्मन विमानांशी झालेल्या हवाई लढाईवरची, १९४१ ची 'द बॅटल ऑफ ब्रिटन' हिलरी सेंट जॉर्ज सॉन्डर्सने लिहिली पण पुस्तिकेत त्याचं नाव नाही. त्यापेक्षा इंटरनेट आर्काइव्हवर 'हिज मॅजेस्टीज स्टेशनरी ऑफिस' (ब्रिटिश सरकारचं प्रकाशन खातं) टाका आणि १९४१ ते १९४५ एवढीच वर्षं ठेवा. मग आवृत्ती कुठली ते बघा, कारण हीच पुस्तिका आधी ३ पेन्सला बिनचित्रांची आली आणि नंतर ६ पेन्सला सचित्र.

आता मुद्द्याचं. काय लिहिलंय त्यापेक्षा काय गाळलंय ते शोधायचं. शेजारी कागद घ्या आणि त्या लढाईबद्दल आज जे माहितीय, सेनापती कोण, यंत्रं कुठली, नुकसान किती, ते आधी लिहून काढा, मग वाचता वाचता टिक करत जा. 'द बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये रडार नाही, ते समजण्यासारखं आहे, तेव्हा ते गुपितच होतं. पण फायटर कमांडचा, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाचा, प्रमुख ह्यू डाउडिंग, ज्याने ती अख्खी लढाई चालवली, त्याचंही नाव नाही! ते काय शत्रूपासून लपवायचं होतं थोडंच, चर्चिलसुद्धा यावरून हवाई मंत्रालयावर भडकला होता. म्हणजे गाळलेलं सगळं सुरक्षेसाठीच असतं असं नाही, घरातली भांडणंही असतात.

आकड्यांचं म्हणाल तर शत्रूची विमानं किती पाडली हा कायम दावा समजायचा. याच लढाईत १५ सप्टेंबर १९४० ला १८५ जर्मन विमानं पाडली असं जाहीर झालं, युद्धानंतर जर्मन कागदपत्रं बघितली तर साधारण ६० निघाली. मुद्दाम खोटं असेलच असं नाही, एकाच विमानावर तिघे गोळ्या झाडतात आणि तिघेही प्रामाणिकपणे आपल्या नावावर लावतात.

भारतीय सैन्याबद्दल वाचायचं तर उत्तर आफ्रिकेतल्या भारतीय डिव्हिजन्सवरचं 'द टायगर किल्स' (१९४४) घ्या, पण त्याचा सूर कौतुकाचाच आहे, म्हणून सोबत भारत-पाकिस्तानने स्वातंत्र्यानंतर मिळून काढलेल्या अधिकृत इतिहासाचा आफ्रिकेवरचा खंड उघडा ठेवा. अमेरिकेची 'अमेरिकन फोर्सेस इन ॲक्शन' मालिका वेगळी, ती मुळात दवाखान्यात पडलेल्या जखमी सैनिकांना आपण कुठल्या लढाईत होतो ते कळावं म्हणून काढली, त्यामुळे छोट्या तुकड्यांच्या हालचाली आणि नकाशे भरपूर, माझ्या मते सुरुवात हिच्यापासूनच करावी.

फोटो मात्र झूम करून बघा. गाड्यांवरच्या युनिटच्या खुणा किंवा जहाजांवरचे अँटेना पुसल्यासारखे दिसले तर तो सेन्सॉरचा हात. तोच फोटो कधी कधी इम्पीरियल वॉर म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात सापडतो, तो शेजारच्या टॅबमध्ये उघडून तुलना करा.