लिलावात घेतलेला ‘एम३५ए२’ लष्करी ट्रक घरापर्यंत चालवत नेण्याची तयारी कशी करावी

अमेरिकेच्या लष्कराने सेवेतून काढलेले अडीच टनी ‘एम३५ए२’ ट्रक गेली अनेक वर्षे लिलावांतून आणि नंतर हातोहाती नागरिकांकडे येत आहेत. शेतावर, वनजमिनीवर किंवा निव्वळ हौसेखातर ते घेणाऱ्यांत आता तिकडे स्थायिक झालेले काही मराठी वाचकही असू शकतील. अडीच टन ही त्याची कच्च्या वाटेवरची भारक्षमता. पक्क्या रस्त्यावर तो पाच टन वाहतो. सहा सिलिंडरचे सुमारे ७.८ लिटरचे ‘मल्टिफ्युएल’ (अनेक प्रकारच्या इंधनांवर चालणारे) इंजिन, पाच गिअर, दहा चाके आणि २४ व्होल्टची विद्युत यंत्रणा असा त्याचा ढाचा आहे. हा ट्रक वर्षानुवर्षे उभा राहूनही बहुधा सुरू होतो, आणि नवख्या मालकाची फसगत नेमकी तिथेच होते. इंजिन लागले म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायला तयार झाली, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात घरी नेण्याच्या तयारीतला निम्म्याहून अधिक वेळ ब्रेकवर खर्च झाला पाहिजे. उरलेला वेळ टायर, दिवे, तेल-पाणी आणि कागदपत्रे यांत वाटावा.

कागदपत्रे आधी

सरकारी लिलावातून थेट घेतलेल्या वाहनासोबत सामान्यतः ‘स्टँडर्ड फॉर्म ९७’ हे प्रमाणपत्र मिळते आणि त्याच्या आधारे राज्याकडे मालकीपत्रासाठी अर्ज करता येतो. ते हाती येण्यास वेळ लागू शकतो, म्हणून ट्रक उचलण्याची तारीख ठरवण्यापूर्वी त्याची चौकशी करावी. खाजगी मालकाकडून घेतला असेल तर मालकीपत्रावरचा क्रमांक ट्रकवरच्या धातूच्या पाटीशी अंकाअंकाने ताडून पाहावा. तात्पुरत्या परवान्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि काही राज्ये जुन्या लष्करी वाहनांची नोंदणी करताना बरीच खळखळ करतात. त्यामुळे स्वतःच्या राज्याच्या वाहन विभागाकडून उत्तर लेखी घ्यावे, आणि विमा ट्रक फाटकाबाहेर काढण्याआधी सुरू झालेला असावा. व्यावसायिक चालक परवान्याची संघीय मर्यादा २६,००१ पौंड एकूण वजनापासून सुरू होते. एम३५ए२ रिकामा असताना सुमारे १३,००० पौंडांचा असतो आणि पूर्ण भारासह त्या मर्यादेच्या खाली राहतो. तरीही खाजगी वापरासाठी राज्याचा नियम काय आहे, हे विचारून घेणे बरे. रंगाची चिंता मात्र तिकडे नसते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण विभागाच्या वाहनांपुरता राखीव आहे. अमेरिकेत त्याच रंगात ट्रक चालवता येतो.

लष्कराच्या चालकासाठी लिहिलेली हस्तपुस्तिका, ‘टीएम ९-२३२०-३६१-१०’, सार्वजनिक आहे. ट्रक पाहायला जाण्यापूर्वी ती छापून घ्यावी. निघण्यापूर्वी, चालवताना आणि थांबल्यावर काय काय तपासायचे, याचे कोष्टक तिच्यात आहे. सैन्यातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला समजावे अशा भाषेत ती लिहिलेली आहे, त्यामुळे यंत्रज्ञ नसलेल्या माणसालाही ती अवघड जात नाही.

इंजिन सुरू करण्यापूर्वी

चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे चाक अडवणारी पाचर, लावावी आणि मगच ट्रकखाली शिरावे. इंजिनाची डिपस्टिक काढून तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले तर पाणी तेलात उतरले आहे, आणि या इंजिनांत हेड गॅस्केट हे त्याचे नेहमीचे कारण असते. पातळी खुणेच्या वर असून डिझेलचा वास येत असेल तर इंधन तेलात मिसळत आहे. दोन्हीपैकी काहीही आढळले तर ट्रक चालवत नेण्याचा विचार तिथेच सोडून लो-बेड ट्रेलर ठरवावा. रेडिएटरमधले पाणी, पंख्याचे पट्टे, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणि तिन्ही डिफरन्शियलमधले तेल यांवर एकदा नजर टाकावी. इंधनाच्या टाकीत जुने, गढूळ इंधन असेल तर ते काढून ताजे डिझेल भरावे. फिल्टरचा एक जोड सोबत ठेवावा, कारण वर्षानुवर्षे तळाशी बसलेला गाळ पहिल्या तासाभरात ढवळून वर येतो.

इंजिन बंद करण्याची तार सुरू करण्याच्या आधीच तपासावी, हे विसरू नये. या ट्रकला चावी नाही. इंधन तोडणारी मूठ ओढली की इंजिन थांबते, आणि ती तार गंजून अडकली असेल तर सुरू झालेले इंजिन बंद करण्याचा सरळ मार्ग उरत नाही. मूठ ओढल्यावर पंपावरचा दांडा खरोखर हलतो का, हे दुसऱ्या माणसाने बॉनेट उघडून पाहावे. पहिल्यांदा इंजिन लावताना हवा आत घेणाऱ्या नळीवरची टोपी काढून जवळ एक जाड सपाट फळी ठेवावी. इंजिन बेफाम झालेच तर त्या तोंडावर फळी दाबून हवा तोडता येते. उघड्या हाताने ते करू नये.

बॅटऱ्या १२ व्होल्टच्या दोन असतात आणि एकामागे एक जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. साध्या मोटारीवरून तारा लावून हा ट्रक सुरू करण्याच्या फंदात पडू नये. दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या आणि जोडतार सोबत नेणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

ब्रेक

एम३५ए२ चे ब्रेक हवेच्या मदतीवर चालणारे, पण मुळात तेलाचे आहेत. आजच्या बहुतेक मालट्रकांसारखे ते निव्वळ हवेचे नाहीत. पायाने मास्टर सिलिंडर (ब्रेकचे तेल नळ्यांत ढकलणारा मुख्य पंप) दाबला जातो आणि हवेचा दाब तो जोर वाढवतो. हवा गेली तर पेडल जड होते, तरी ब्रेक लागतात. तेल गेले तर काहीच लागत नाही, कारण सहाही ब्रेक ड्रमना (मागच्या जोडचाकांना मिळून एकेक) एकच तेलाचा मार्ग आहे. आजच्या मोटारीत ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असल्याने एक निकामी झाला तरी दुसरा उरतो. इथे तशी सोय नाही. एका चाकातला एक व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने तिथला ब्रेक लावणारा छोटा सिलिंडर) गळाला किंवा एक जुनी रबरी नळी फुटली, तर संपूर्ण ट्रकचे ब्रेक जातात. ज्याला ही एक गोष्ट नीट समजली तो बाकीची तपासणी आपोआप गंभीरपणे करतो.

प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या मागच्या पत्र्याखाली, टायरच्या कडेवर ओल किंवा तेलाचे ओघळ आहेत का, ते टॉर्च लावून पाहावे. रबरी नळ्या वाकवून बघाव्यात आणि त्यांवर भेगा दिसल्या तर त्या बदलल्याशिवाय निघू नये. लष्कराने १९८० च्या दशकात सिलिकॉनचे, म्हणजे ‘डॉट ५’ प्रकारचे, ब्रेक ऑइल स्वीकारले. त्याचा रंग जांभळट असतो, पण जुनेपणी तो फिका पडतो. साधे ब्रेक ऑइल त्यात मिसळू नये, म्हणून आत काय आहे ते ओळखूनच भर घालावी. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखालच्या पत्र्याखाली असल्याने तिथले तेल पाहणे अनेकांकडून राहून जाते. पातळी कमी असेल तर तेल कुठे गेले, हा प्रश्न भर घालण्यापूर्वी सोडवावा.

आता इंजिन बंद आणि हवेच्या टाक्या रिकाम्या असताना पेडल जोराने दाबून काही वेळ धरून ठेवावे. ते कठीण लागून तिथेच राहिले पाहिजे. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि स्पंजासारखे लागत असेल तर नळ्यांत हवा अडकली आहे. हँडब्रेकवर भिस्त ठेवू नये. तो ट्रान्स्फर केसच्या मागे दांड्यावर बसवलेला असून उभी गाडी धरून ठेवण्यासाठी आहे. वेगातला सहा टनांचा ट्रक त्याच्यावर थांबत नाही.

व्हील सिलिंडर कधी बदलले याची काहीच माहिती मिळत नसेल आणि घर शेकडो मैल दूर असेल, तर माझ्या मते ट्रेलरचे भाडे देणे हाच शहाणपणाचा हिशोब आहे. चालवत नेण्याची मजा घरी ब्रेक उघडून नवे बसवल्यावरही घेता येते.

चाके आणि दिवे

टायरवरच्या चार अंकी शिक्क्यातले शेवटचे दोन अंक वर्ष सांगतात. शिक्का तीनच अंकी असेल तर टायर इसवी सन २००० पूर्वीचा आहे आणि खोल नक्षी पाहून त्याच्यावर विश्वास ठेवू नये. हवेचा दाब हस्तपुस्तिकेप्रमाणे ठेवावा. या चाकांना लोखंडी लॉक रिंग असते. बसलेल्या टायरमध्ये जागच्या जागी हवा भरताना ती रिंग उडून माणसे दगावू शकतात, म्हणून असे चाक मोठ्या टायरच्या दुकानातच, पिंजऱ्यात ठेवून भरून घ्यावे. बाकी चाकांतही थोडी हवा घालताना लांब नळी वापरून बाजूला उभे राहावे. नट फिरवताना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवावे, नाहीतर सैल करायच्या नादात नटबोल्ट तुटतो.

दिव्यांचे बटण तीन खटक्यांचे आहे. मुख्य खटका हलवण्यासाठी कुलपाचा छोटा खटका उचलून धरावा लागतो. युद्धकाळातल्या मंद दिव्यांच्या किंवा बंद स्थितीत मागचे नेहमीचे ब्रेक दिवे लागत नाहीत. दिवसा ‘स्टॉप लाइट’ आणि अंधारात ‘सर्व्हिस ड्राइव्ह’ ही स्थिती ठेवावी, आणि पेडल दाबल्यावर दिवा खरोखर लागतो का ते दुसऱ्याला मागे उभे करून पाहावे.

सुरू करणे आणि चाचणी

गिअर न्यूट्रलमध्ये, क्लच दाबलेला आणि बंद करण्याची मूठ आत असावी. मुख्य स्विच लावल्यावर टाकीतल्या पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. इंजिन लागल्यावर तेलाचा दाब चढेपर्यंत रेस करू नये, कारण टर्बोला तेल पोहोचायला थोडा अवधी लागतो. हवेचा दाब कमी आहे तोवर भोंगा वाजत राहतो. साधारण ६० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) पुढे तो थांबतो आणि त्याआधी चाक हलवू नये. दाब पूर्ण चढल्यावर इंजिन बंद करून काटा किती झपाट्याने उतरतो ते पाहावे.

पहिली चाचणी बंद आवारात, चालण्याच्या वेगाने घ्यावी आणि वारंवार ब्रेक लावावेत. ट्रक एका बाजूला ओढतो का, स्टिअरिंगला किती ढिलाई आहे, हे तिथेच कळते. त्यानंतर काही मैलांची फेरी मारून परत यावे, प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्यभागाजवळ, हात नेऊन उष्णता पाहावी आणि चाकांची आतली बाजू पुन्हा कोरडी आहे का ते तपासावे. एकच हब इतरांपेक्षा फार तापला असेल तर तिथे ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंग कोरडे आहे.

प्रवास

इंजिनाची कमाल मर्यादा मिनिटाला २,६०० फेऱ्यांची आहे आणि तेवढ्यावर पाचव्या गिअरमध्ये ट्रक ताशी सुमारे ५५ मैल वेगाने धावतो. ४५ मैलांच्या आसपास राहिलेले बरे. म्हणून आंतरराज्यीय महामार्ग टाळून जुने राज्यरस्ते निवडावेत, उजेडातच चालावे आणि मागे धोक्याचे दिवे लावलेली दुसरी गाडी ठेवावी. उतारावर खालचा गिअर आधीच टाकावा. फेऱ्या मर्यादेबाहेर गेल्या तर उतारही इंजिन मोडू शकतो. पहिला थांबा वीसेक मैलांत घ्यावा, पुढचे थोडे लांबवावेत, आणि प्रत्येक ठिकाणी हब, नट, गळती, पाणी व तेल पाहावे. गॅलनमागे आठ ते दहा मैल धरून डिझेलचा हिशोब करावा. सोबत ब्रेक ऑइल, इंजिन तेल, पाणी, फिल्टर, पट्टे, अग्निशामक, त्रिकोणी फलक, मोठा जॅक, चाकाचा पाना आणि एक जाड लाकडी ओंडका ठेवावा. पेडल एकदाही नेहमीपेक्षा खाली गेल्यासारखे वाटले, तर पुढच्या थांब्याची वाट न पाहता तिथेच बाजूला घ्यावे आणि ट्रेलर बोलवावा.

घरी पोहोचल्यावर तीन ते पाच मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे, म्हणजे टर्बो थंड होतो. मग मूठ ओढून ते थांबवावे, चाकांना उटी लावावी आणि हवेच्या टाक्यांचे खालचे नळ उघडून साठलेले पाणी सोडून द्यावे. मुख्य स्विच बंद झाला आहे ना हे टाकीतल्या पंपाच्या आवाजावरून तपासावे, कारण तो चालू राहिला तर सकाळपर्यंत दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या असतात.