मोठा देश लहान देशाच्या पाठीशी का उभा राहतो? अभ्यासिकेत हिशेब मांडण्याची रीत

तालुक्याच्या अभ्यासिकेत राज्यसेवा किंवा यूपीएससीची तयारी करणारी पोरं आंतरराष्ट्रीय संबंधांच्या प्रश्नाला बहुधा एकाच जागी अडकतात. अमेरिका इस्रायलला का मदत करते, भारत भूतानला का सांभाळतो, असं विचारलं की उत्तरात ‘सामरिक हितसंबंध’ हे शब्द चारदा येतात. ते हितसंबंध नेमके कोणते, हे मात्र एकदाही येत नाही. खालची रीत त्यासाठी आहे. चार ते सहा जणांचा गट आणि एका देशजोडीसाठी दीड-दीड तासाच्या दोन बैठका, एवढ्यात काम होतं.

सामान थोडंच लागतं: दोनशे पानी लाँगबुक, डोंगर-नद्या दाखवणारा शालेय नकाशासंग्रह, हातभर शिवणाचा दोरा, पट्टी आणि दोन रंगांचे पेन. करारांचे मजकूर आणि परराष्ट्र मंत्रालयाची निवेदनं आदल्या रात्रीच मोबाइलवर उतरवून ठेवा. वीज गेली की वायफाय जातं आणि बैठक गप्पांवर येते. सोयाबीनच्या सोंगणीत गट अर्धा होतो, तेव्हा नवी जोडी घेऊ नका, जुन्या पानांची उजळणी करा.

जोडी कोणती घ्यावी

पहिली जोडी भारत–भूतान किंवा अमेरिका–जिबुती घ्या. इस्रायल शेवटी ठेवा. तिथे प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं असतं आणि पहिल्या बैठकीत नकाशा उघडण्याआधीच आवाज चढतात.

जोडी ठरली की लहान देश आपल्या मापात लिहून काढा. भूतानचं क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भाच्या निम्म्याहून कमी. लोकसंख्या आठ लाखांच्या आत, तर एकट्या गडचिरोली जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत १० लाख ७२ हजार होती. यवतमाळ आणि वर्धा हे दोन जिल्हे जोडले की जवळपास इस्रायलएवढा भूभाग होतो. हे माप घेतलं की एक गोष्ट आपोआप बाजूला पडते: एवढ्या बाजारपेठेसाठी कोणी अब्जावधी डॉलर ओतत नाही. कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

नकाशा आणि दोरा

पहिल्या बैठकीचा निम्मा वेळ इथेच जाऊ द्या. लहान देशाभोवती चार गोष्टी खुणा करून ठेवा: सामुद्रधुनी किंवा खिंड, प्रतिस्पर्ध्याची सीमा, जहाजांची वाट, आणि परकीय तळ. मग दोऱ्याने अंतर मोजा.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या जिबुतीचं पाहा. तांबडा समुद्र आणि एडनचं आखात जोडणारी बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी तीसेक किलोमीटरची आहे. सुएझ कालव्याने युरोपला जाणारी जहाजं इथूनच जातात. म्हणून या चिमुकल्या देशात अमेरिकेचा कॅम्प लेमोनियर हा लष्करी तळ आहे, फ्रान्स, जपान आणि इटलीचे तळ आहेत, आणि २०१७ पासून चीनचाही आहे. नोव्हेंबर २०२३ पासून समोरच्या येमेनमधल्या हूती बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली आणि भाडी वाढली. जागेची किंमत काय असते, ते त्या भाड्यात दिसतं.

भूतानच्या पानावर सिलिगुडीची चिंचोळी पट्टी काढा. ईशान्य भारताला उरलेल्या देशाशी जोडणारी ही पट्टी सर्वांत अरुंद ठिकाणी वीस-बावीस किलोमीटर आहे. तिच्या वर तिबेटचं चुंबी खोरं आणि त्याला लागून डोकलामचं पठार. २०१७ मध्ये चिनी सैन्य तिथे रस्ता पुढे नेऊ लागलं, तेव्हा भारतीय जवान आडवे गेले आणि ७३ दिवस दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी राहिली. वाद चीन आणि भूतानच्या जमिनीचा होता. भारत का उतरला, हे दोरा पट्टीवर ठेवला की शब्दांत सांगावं लागत नाही.

इथे एक चूक नेहमी होते. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दोरा लावला की अंतर चुकतं, कारण त्या नकाशाचं प्रमाण विषुववृत्तापासून दूर जाताना बदलत जातं. दरवेळी त्या प्रदेशाचा वेगळा नकाशा घ्या आणि खालची प्रमाणपट्टी तपासा.

पैसा कुठून निघतो आणि कुठे पोचतो

तीन रकाने आखा: अनुदान, कर्ज, आणि माल किंवा सवलत. ‘मदत’ या एका नावाखाली तिन्ही मोजली जातात आणि तिथेच हिशेब बिघडतो.

अमेरिका–इस्रायल सामंजस्य करार २०१६ मध्ये झाला. २०१९ ते २०२८ या दहा आर्थिक वर्षांत ३८ अब्ज डॉलर, त्यातले ३३ अब्ज लष्करी खरेदीसाठी आणि ५ अब्ज क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांसाठी. आता पुढचा प्रश्न विचारा: हा पैसा खर्च कुठे होतो? पूर्वी इस्रायलला त्यातला सुमारे २६ टक्के पैसा स्वतःच्या कारखान्यांत खर्च करता येत असे. या करारात ती सवलत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायची ठरली. म्हणजे मदतीचा बहुतेक भाग अमेरिकी शस्त्रकंपन्यांची मागणी बनून परत येतो. हा एक हितसंबंध झाला, एकमेव नव्हे.

भूतानचा चुखा जलविद्युत प्रकल्प ३३६ मेगावॅटचा. भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिलं, आणि भूतानची गरज भागून उरलेली वीज भारत विकत घेतो. भूतानला महसूल, भारताला वीज, आणि दोघांची गाठ पक्की. मार्च २०२४ मध्ये भारताने भूतानला पुढच्या पाच वर्षांसाठी १० हजार कोटी रुपये जाहीर केले. ‘जाहीर’ हा शब्द लाँगबुकात तसाच लिहा. जाहीर रक्कम, मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम एका ओळीत बेरजेला घेतली की आकडा फुगतो.

आणखी एक सापळा परीक्षेत गुण खातो. १ अब्ज म्हणजे १०० कोटी, १० लाख म्हणजे १ दशलक्ष. वर्षाला ३.८ अब्ज डॉलर म्हणजे ३८० कोटी डॉलर. रुपयांत बदल करायचा असेल तर त्या वर्षाचा दर घ्या, आजचा नको.

तारखा: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त माहिती या पानावर मिळते. भाषणं आणि संयुक्त निवेदनं कायम मैत्री, मूल्यं, इतिहास हेच सांगतात. खरं कारण मदत कधी वाढली आणि कधी थांबली त्या वर्षांत सापडतं. आडवी रेघ ओढा, तिच्यावर वर्षं टाका. मदत वाढली त्या वर्षाला एका रंगाने आणि घटली किंवा थांबली त्या वर्षाला दुसऱ्या रंगाने खूण करा. मग प्रत्येक खुणेखाली एकच प्रश्न: त्या वर्षी दुसरं काय बदललं?

सरावाला अमेरिका–पाकिस्तान उत्तम. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. कार्टर सरकारने ४० कोटी डॉलर देऊ केले, तर पाकिस्तानचे लष्करशहा झिया-उल-हक यांनी ते ‘शेंगदाणे’ म्हणून झिडकारले (कार्टर स्वतः भुईमुगाचे शेतकरी, त्यामुळे टोमणा नेमका बसला). १९८१ मध्ये रेगन सरकारने ३.२ अब्ज डॉलरचं पॅकेज दिलं. अमेरिकी कायद्यातल्या १९८५ च्या प्रेसलर दुरुस्तीप्रमाणे पाकिस्तानकडे अणुस्फोटक नाही, असं प्रमाणपत्र अमेरिकेच्या अध्यक्षांनी दरवर्षी द्यायचं होतं. १९८९ पर्यंत ते मिळत गेलं. फेब्रुवारी १९८९ मध्ये शेवटचा सोव्हिएत सैनिक अफगाणिस्तानातून बाहेर पडला, आणि १९९० मध्ये प्रमाणपत्र नाकारून मदत बंद झाली. अणुकार्यक्रम काही १९९० साली सुरू झाला नव्हता. सांगितलेलं कारण अणुबाँबचं होतं. संपलेली गरज अफगाणिस्तानची होती. ११ सप्टेंबर २००१ नंतर निर्बंध उठले आणि पैसा पुन्हा सुरू झाला.

आता हीच रेघ इस्रायलसाठी ओढा. अमेरिकेने १९४८ मध्ये घोषणेनंतर काही मिनिटांतच मान्यता दिली, पण १९६७ च्या युद्धापर्यंत इस्रायलचा मोठा शस्त्रपुरवठादार फ्रान्स होता. अमेरिकी मदतीने खरी उडी घेतली ती १९७३ च्या युद्धानंतर, जेव्हा सोव्हिएत शस्त्रं इजिप्त आणि सीरियाच्या हातात होती. केवळ समान मूल्यं हे कारण असतं, तर मदत १९४८ पासून सारखीच दिसली असती. पण इथेच पोरं थांबतात आणि अर्धं उत्तर लिहितात. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला, तरी मदत बंद झाली नाही. पहिलं कारण संपूनही मदत टिकली, तर दुसरं कारण त्या वेळेपर्यंत उभं राहिलेलं असतं: अमेरिकी संसदेतला (काँग्रेस) दोन्ही पक्षांचा पाठिंबा, अमेरिकेतले मतदारगट, इराणची भीती, क्षेपणास्त्र तंत्रज्ञानातली भागीदारी. १९७९ च्या इजिप्त–इस्रायल करारानंतर इजिप्तलाही अमेरिका मोठी लष्करी मदत देते, हेही याच पानावर लिहा, नाहीतर एकतर्फी निष्कर्ष निघेल.

आपण स्वतः घेणाऱ्याच्या जागी होतो, ती रेघ गावातच मिळेल. ज्यांना साठीच्या दशकातला लाल गहू आठवतो अशा आजोबा-आजींना विचारा. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली तिथला उरलेला गहू इथे रुपयांत मिळत होता. १९६५ नंतर दुष्काळ पडला असताना अध्यक्ष जॉन्सन यांनी तो एकदम न सोडता थोडा थोडा सोडला. शेतीधोरण बदलावं आणि व्हिएतनामवरची टीका थांबावी, असा दाब त्यामागे होता.

दुसऱ्याला मिळू नये म्हणून

धुऱ्यालगतचं वावर कधी कधी माणूस पेरायला घेत नाही. भाऊबंदाच्या हाती जाऊ नये म्हणून मक्ता जास्त देऊन धरून ठेवतो. मोठ्या देशांच्या खर्चात हा रकाना असतोच आणि तो सर्वांत कमी लिहिला जातो. पालाऊ, मायक्रोनेशिया आणि मार्शल बेटं या तीन प्रशांत देशांशी अमेरिकेचे करार आहेत. २०२४ मध्ये ते २० वर्षांसाठी सुमारे ७.१ अब्ज डॉलरला वाढवले गेले. बदल्यात इतर देशांच्या सैन्याला तिथे येऊ न देण्याचा अधिकार अमेरिकेकडे. मार्शल बेटांवरचं क्वाजालीन हे क्षेपणास्त्र चाचणीचं ठिकाण आहे, तो वेगळा फायदा. दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहा.

लहान देशाच्या हातातले पत्ते

लहान देश हुकूम ऐकतो, हे गृहीत धरलं की विश्लेषण फसतं. किर्गिझस्तानने २००९ मध्ये आपल्या भूमीवरचा अमेरिकेचा मनास हवाई तळ बंद करण्याची घोषणा केली, कारण रशियाने सुमारे दोन अब्ज डॉलर देऊ केले होते. अमेरिकेने वार्षिक भाडं १.७४ कोटींवरून ६ कोटी डॉलरवर नेलं आणि तळ २०१४ पर्यंत राहिला. मालदीवमध्ये २०२३ ची निवडणूक भारतीय जवान बाहेर काढण्याच्या मुद्द्यावर गाजली. मे २०२४ पर्यंत जवान परतले, त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मालदीवला परकीय चलनाची चणचण असताना भारतानेच ४० कोटी डॉलर आणि ३ हजार कोटी रुपयांची चलन-अदलाबदल सुविधा दिली. पत्ते दोन्हीकडे असतात.

कुठे चुकतं

एकच कारण शोधणं ही पहिली चूक. किमान तीन कारणं लिहा आणि प्रत्येकापुढे आयुष्य लिहा: भूगोल टिकतो, शत्रू बदलतो, सरकार पाच वर्षांत जातं. न्याय-अन्याय आणि हितसंबंध एकाच वाक्यात मिसळणं ही दुसरी. मदत योग्य की अयोग्य हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याला स्वतंत्र पान द्या. तिसरी, राज्यकर्ता आणि देश एक समजणं. रशियाने सीरियात २०१५ पासून असद राजवट वाचवली, पण डिसेंबर २०२४ मध्ये ती कोसळली तेव्हा युक्रेनमध्ये गुंतलेल्या रशियाने ती वाचवायला मोठी लढाई केली नाही. लगेच नव्या सत्तेशी तळांबाबत बोलणी सुरू केली.

उत्तरात उतरवताना

यूपीएससीत १५ गुणांना २५० शब्द आणि साधारण ११ मिनिटं. ३० शब्दांत देशाचं माप, ७० शब्दांत भूगोल आणि दुसऱ्याला अडवण्याचा मुद्दा, ५० शब्दांत पैसा, तोही एकाच आकड्यासह, ७० शब्दांत मदत बदलल्याची दोन वर्षं, उरलेल्या ३० शब्दांत लहान देशाचे पत्ते. शेजारी तळहाताएवढा नकाशा. सिलिगुडीचा कच्चा नकाशा मिनिटभरात येईपर्यंत हात बसवा.

गट सरावला की भारत–बांगलादेश हे पान स्वतः भरा. वरूड-मोर्शीकडच्या संत्रा उत्पादकांना ही जोडी घरची आहे, कारण बांगलादेशाने अलीकडच्या वर्षांत संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि भाव पडले की चर्चा तिथेच जाते. तारखांच्या रेघेवर भारताने दिलेली २०१० ची पहिली एक अब्ज डॉलरची कर्जमर्यादा, बांगलादेशाने ईशान्येतल्या बंडखोर नेत्यांना भारताच्या ताब्यात देणं, आणि ऑगस्ट २०२४ चं सत्तांतर टाका. शुल्काचा आकडा व्यापाऱ्याकडून घेतलात तर तो किलोमागे रुपयांत आहे की टक्क्यांत, आणि कोणत्या बहराचा, हे शेजारीच लिहून ठेवा.