तळ्यातला प्राणवायू: पांढरी बाटली, काळी बाटली

तळ्यातलं शेवाळ दिवसा किती प्राणवायू बनवतं आणि पाणी किती खातं, हे मोजायला ३०० मिलीच्या तीन बीओडी बाटल्या (पाण्यातला प्राणवायू मोजायच्या, घट्ट बुचाच्या काचेच्या बाटल्या) पुरतात. तिन्ही एकाच खोलीवरून भरा. नळी बाटलीच्या तळाला टेकवून पाणी सावकाश सोडा, दोन-तीनदा ओसंडू द्या. खळखळ झाली की हवा मिसळते आणि आकडा बिघडतो. बहुतेक चुका इथेच होतात.

पहिलीत लगेच २ मिली मँगनस सल्फेट, मग २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. पिपेटचं टोक पाण्याखाली हवं. बूच लावून उलटसुलट करा. साका (तयार होणारा गाळ) तपकिरी तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. दुसरी (पांढरी) न गुंडाळता, तिसरी (काळी) अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून, दोन्ही बूच लावून त्याच खोलीवर टांगा. चार तासांनी त्यांचंही तेच करा. पांढरीत बुडबुडे दिसले तर वेळ कमी करा, कारण ते मोजणीतून निसटतात.

साका बसल्यावर २ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल घालून विरघळवा (अझाइड विषारी, हातमोजे घाला). २०३ मिली घेऊन त्यात ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट थेंबथेंब घाला. रंग फिका पिवळा झाल्यावरच स्टार्च. निळा गेला की थांबा, नंतर परतलेला निळा मोजायचा नाही. लागलेलं १ मिली थायोसल्फेट म्हणजे १ मिग्रॅ प्रतिलिटर प्राणवायू.

पहिलीतून काळी वजा केली की श्वसन, पांढरीतून काळी वजा केली की एकूण उत्पादन. बूच बंद असल्याने हवेशी होणारी देवाणघेवाण यात येत नाही.