मिलिगॅलची सवय

गुरुत्व सर्वेक्षणाच्या कामाला लागलो तेव्हा जी (गुरुत्वामुळे मिळणारं त्वरण) म्हणजे 9.8, एवढीच शिदोरी होती. पहिल्याच आठवड्यात वहीत बेस स्टेशनचं (बाकीची मोजमापं ज्याला जोडतात त्या ठिकाणाचं) मूल्य उतरवलं ते 978 हजारांच्या घरातलं. एकक मिलिगॅल.

गणित अवघड नाही. सेकंदाच्या वर्गाला 1 सेंटिमीटर म्हणजे 1 गॅल (गॅलिलिओच्या नावावरून), त्याचा हजारावा भाग मिलिगॅल. मीटरमध्ये दिलेल्या त्वरणाला एक लाखाने गुणलं की मिलिगॅल आले. गॅल हे एसआय एकक नाही, पण फील्डवर सगळे त्यातच बोलतात.

मी फसलो ते वेगळ्याच ठिकाणी. एका जुन्या सर्वेक्षणाचे आकडे आमच्या आकड्यांना जोडायचे होते. नकाशा काढला तर दोन्हींच्या शिवेवर सरळ कडा! नकाशावर होता तो अपेक्षित गुरुत्वापासूनचा फरक: अलीकडे उणे 31, पलीकडे उणे 312. मी दोन दिवस तिथे भ्रंश (खडक तुटून सरकल्याची रेघ) आहे असं समजून चालत होतो, अहवालाचा परिच्छेदसुद्धा लिहून ठेवला होता. वरिष्ठांनी एक नजर टाकली आणि विचारलं, "भ्रंश बरोबर दहापटीचा कसा रे?" जुन्या तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'ग्रॅव्हिटी युनिट' लिहिलं होतं. 1 ग्रॅव्हिटी युनिट म्हणजे 0.1 मिलिगॅल.

तेव्हापासून आकड्याकडे बघून त्याचा आवाका ओळखायची सवय लावून घेतली. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत समुद्रसपाटीवरचा सगळा फरक सुमारे 5,200 मिलिगॅलचा. एक मीटर वर चढलं की साधारण 0.3086 मिलिगॅल कमी. ग्रॅव्हीमीटर जिन्याने दहा मीटर वर न्या, रीडिंग तीनेक मिलिगॅलनी उतरलं पाहिजे. तीस दिसले तर यंत्राला दोष देण्याआधी एकक तपासा. आणि जुन्या डायलच्या यंत्रावरचा आकडा हा मिलिगॅल नव्हेच. तो त्या यंत्राच्या कॅलिब्रेशन तक्त्यातून काढावा लागतो, आणि तक्ता दर यंत्राचा निराळा.

ॲक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारं यंत्र, 'जी'च्या पटीत मोजतो, तिथे मीटरमध्ये आणायला 9.80665 ने गुणायचं. हे मूल्य 1901 साली ठरवून घेतलेलं आहे, तुमच्या पायाखालचं नव्हे. आळसाने 9.8 धरलंत तर प्रत्येक जीमागे 665 मिलिगॅल गेले. कंपनं मोजणाऱ्याला चालेल, आपल्याला नाही.

एक गोष्ट मात्र एककाच्या तक्त्यात सापडणार नाही. जर्मनीतल्या पॉट्सडॅमला मोजलेल्या संदर्भमूल्यावर बेतलेले जुने आकडे 1971 च्या आंतरराष्ट्रीय गुरुत्व-केंद्रांच्या जाळ्यापेक्षा सुमारे 14 मिलिगॅलनी जास्त आहेत. एकक दोन्हीकडे मिलिगॅलच, त्यामुळे शंकाही येत नाही. माझ्या फाइलच्या पहिल्या ओळीत म्हणून आता एककाशेजारी संदर्भप्रणालीचं नावही असतं.