थ्रेड रिकामा, तरी प्रोसेसर घामाघूम? या चुका टाळा

चार कोअरच्या (म्हणजे प्रोसेसरमध्ये काम करणारे चार भाग असलेल्या) मशीनवर प्रोग्रॅम नुसता बसलाय, तरी टास्क मॅनेजरमध्ये २५ टक्क्यांवरून हलत नाही? मग बहुतेक एकच थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एक स्वतंत्र धागा) एक अख्खा कोअर खातोय. लिनक्सच्या ‘टॉप’ या कमांडमध्ये हाच आकडा १०० दिसतो, कारण तिथे टक्के एका कोअरच्या हिशेबाने मोजतात.

कोडला हात लावण्याआधी तो थ्रेड शोधा. टॉप चालू असताना कॅपिटल एच दाबलं की थ्रेड वेगवेगळे दिसतात. प्रोग्रॅम जावाचा असेल तर त्या थ्रेडचा टॉपमधला नंबर जेस्टॅकच्या डंपमध्ये (कोणता थ्रेड काय करतोय त्याच्या यादीत) जुळवा. डंपमध्ये तो हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) असेल, तर १२३४५ चं ३०३९ होतं. (मी हे न करता दोन दिवस भलताच क्लास धुंडाळत होतो.)

माझ्याकडे सापडलं ते असं: न संपणारं लूप, आत क्यूवर (कामांच्या रांगेवर) पोल, म्हणजे पुढचं काम मागणं. क्यू रिकामी असली तर पोल थांबत नाही, नल (‘काही नाही’) देऊन लगेच परततो आणि लूप पुन्हा विचारतं, ‘आलं का काही?’ रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, त्यातला प्रकार. मी एक मिलिसेकंदाची स्लीप (विश्रांती) घातली. आकडा उतरला, पण थ्रेड उगाच सेकंदाला शेकडो वेळा जागा होत राहिला. खरा उपाय ब्लॉकिंग क्यूचा (वाट बघायला लावणाऱ्या रांगेचा) टेक: काम येईपर्यंत थ्रेड झोपतो, आलं की उठतो.

टेक लावल्यावरही एक खड्डा आहे. थ्रेड बंद करायला इंटरप्ट (थांबायची सूचना) पाठवता, लूपच्या आतलाच कॅच (एक्सेप्शन, म्हणजे अडचणीची खूण, पकडणारा भाग) तो पकडतो, शहाण्यासारखा इंटरप्टचा फ्लॅग (‘सूचना आली’ ही नोंद) परत लावतो, पण बाहेर पडत नाही. पुढचा टेक फ्लॅग बघून लगेच एक्सेप्शन फेकतो, कॅच परत पकडतो... कोअर पुन्हा १०० वर. ट्राय-कॅच लूपच्या बाहेर घ्या, नाहीतर तिथेच रिटर्न करा. सॉकेटवर (नेटवर्कच्या जोडणीवर) रीडने उणे एक दिलं, म्हणजे पलीकडचा डेटा संपला, तरी वाचतच राहणारं लूपही याच जातीचं.

थ्रेडची प्रायॉरिटी उतरवून वापर कमी होत नाही. बाकी कोणाला कोअर नको असेल तर तो तेवढाच खातो. निव्वळ आकडेमोडीच्या कामाला कोअरपेक्षा जास्त थ्रेड दिले, तर अदलाबदलीचाच खर्च वाढतो.

आणि व्हिडिओ एन्कोड होताना सगळे कोअर १०० वर गेले, तर जाऊ द्या. तेव्हा मशीनवर दुसरं कामही करायचं असेल, तर पूलमधला (कामाला लावलेल्या थ्रेडच्या गटातला) एखादा थ्रेड कमी करा.