फुलपाखरांमागे धावू नका: फोटो काढताना या चुका टाळा

पहिली चूक दर रविवारी डोळ्यांदेखत घडते: पाठलाग. फुलपाखरू दिसलं की लोक कॅमेरा डोळ्याला लावून धावत सुटतात. आधी वर आभाळाकडे बघा. फुलपाखराचे उडायचे स्नायू उन्हानं तापतात, म्हणून श्रावणात ऊन पडलं की सगळं रान उडू लागतं आणि ढग आला की पंख मिटून पानाआड जातं.

गेल्या श्रावणात येऊरला ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर एक नीलवंत बसलं होतं. ब्लू मॉर्मन, 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू. मातीतले क्षार शोषायला नर असे येतात. सुरुवातीला पंख सारखे फडफडतात, रस घेण्यात रमला की शांत होतात. मी पालथा पडून कोपरांवर सरकत चार फुटांवर पोचलो होतो. तेवढ्यात बरोबरचा नवखा मुलगा उभ्याउभ्याच आला, त्याची सावली पंखांवर पडली आणि नीलवंत उडालं. मुलगा त्याच्यामागे पळाला. मी तिथेच पडून राहिलो. एक सर आली, कॅमेरा पोटाखाली घेतला. चाळीस मिनिटांनी ऊन पडलं आणि त्याच ओल्या जागेवर एक नीलवंत येऊन बसलं. चांगली जागा सापडली की मी ती सोडत नाही.

उशिरा पोचू नका. सकाळी कोवळ्या उन्हात बरीच फुलपाखरं पंख पसरून निवांत बसतात, दुपारी हाती लागत नाहीत. फोकस डोळ्यावरच हवा. मिटलेल्या पंखांना कॅमेरा समांतर धरा, नाहीतर अर्धा पंख धूसर येतो.

काही जण फुलपाखरू डबीत घालून फ्रीजमध्ये गार करतात आणि मग फुलावर ठेवून फोटो काढतात. याची मला मनापासून चीड आहे. थंडीनं बधिर झालेला जीव पळू शकत नाही, एवढंच त्या फोटोत असतं.

रात्रीच्या पतंगांना उजेडाकडे ओढायला चांदण्या रात्री चादर टांगून त्यावर दिवा लावून बसू नका. अमावास्येच्या आसपासची, वारा पडलेली, दमट रात्र निवडा. दिवा चालू ठेवून झोपू तर अजिबात नका. उजाडताच कोतवाल आणि बुलबुल चादरीवरचे पतंग टिपतात. मी पहाटेआधीच दिवा विझवतो. पतंगाला रात्री ऊन नसतं, म्हणून मोठे पतंग उडण्याआधी पंख थरथरवून अंग तापवतात. ती थरथर दिसली की मी कॅमेरा खाली घेतो आणि त्याला जाऊ देतो.